रात्रीतून गाडीचा मागचा कोपरा खाली बसतो: एअर सस्पेन्शनची गळती नेमकी कशी शोधावी?

गोदाकाठ, नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे चारही चाकांना एअर सस्पेन्शन (पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी स्प्रिंग) असलेली, २०१४ सालची एक जर्मन एसयूव्ही आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या मालकाकडून घेतली तेव्हा ती ७८,००० किलोमीटर चालली होती. आज १,१२,००० झाले आहेत. कंपनीविषयी माझी तक्रार नाही, म्हणून गाडीचे नाव लिहीत नाही. पुढच्या बाजूला शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि हवेचा स्प्रिंग एकत्र असलेले स्ट्रट आहेत आणि मागच्या बाजूला हवेचे स्प्रिंग व शॉक वेगवेगळे आहेत, एवढे सांगितले की रचना लक्षात येईल.

गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा जाणवले की सकाळी गाडीची मागची बाजू थोडी बसलेली असते. इंजिन सुरू केले की स्प्रिंगमध्ये हवा भरणाऱ्या कंप्रेसरची घरघर ऐकू येई आणि मिनिटाभरात गाडी पूर्ववत होई. दिवाळीपर्यंत हा मिनिट दीड मिनिटाचा झाला. गेल्या आठवड्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात डॅशबोर्डवर गाडी फार खाली असल्याची सूचना आली आणि मला बाजूला थांबावे लागले. सोबत आई होती. तिच्या गुडघ्यांना त्रास असल्यामुळे चढता-उतरताना खाली होणारी गाडी हवी, याच कारणासाठी मी ही गाडी घेतली होती. त्यामुळे हा प्रकार माझ्या जिवाला लागला आहे.

वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावल्यावर कंप्रेसरने अपेक्षित वेळेत दाब तयार केला नाही, अशा अर्थाचा फॉल्ट कोड निघाला. त्यावरून नवा कंप्रेसर, नवा व्हॉल्व्ह ब्लॉक (हवा कोणत्या कोपऱ्याला द्यायची ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा ठोकळा) आणि मागचे दोन्ही हवेचे स्प्रिंग असे मिळून सव्वादोन लाख रुपयांचे कोटेशन हातात पडले. हवा नेमकी कुठून जाते आहे, असे मी विचारले तेव्हा ‘आधी कंप्रेसर बदलू, मग पाहू’ असे उत्तर मिळाले. ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर उचलून साबणाचे पाणी मारून पाहिले, पण एकही बुडबुडा दिसला नाही.

कंप्रेसर आधी बदलणे योग्य आहे का, आणि घरच्या घरी काय तपासता येईल, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वर्कशॉपवाला, पुणे

गोदाकाठ, कोटेशनवर सही करण्याची घाई करू नका. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून हा प्रकार ‘दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला’ असा होण्याची शक्यता मोठी आहे.

फॉल्ट कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. कंट्रोल युनिटला गळती ‘दिसत’ नाही. प्रत्येक कोपऱ्याची उंची सांगणारे सेन्सर, काही गाड्यांत एक दाबाचा सेन्सर आणि घड्याळ एवढ्यावरच ते हिशेब करते. कंप्रेसर अमुक वेळ चालूनही गाडी अमुक उंचीला आली नाही, इतकेच त्याला कळते आणि तेवढेच ते नोंदवते. हवा बलूनमधून, म्हणजे हवेच्या स्प्रिंगच्या रबरातून जात असेल, नळीला उंदराने दात लावले असतील, हवा आत घेणारा फिल्टर धुळीने बुजला असेल, बॅटरी उतरली असेल किंवा कंप्रेसरची पिस्टन रिंग खरोखर झिजली असेल, तरी कोड बहुधा एकच येतो. म्हणून कोडवरून तपासाला सुरुवात करावी. पार्टची ऑर्डर त्यावरून देऊ नये.

कंप्रेसरचे म्हणाल तर तो सलग चालण्यासाठी बनवलेलाच नाही. बारा व्होल्टची छोटी मोटर, एक लहान पिस्टन आणि दिवसातून काही वेळा थोडा-थोडा वेळ काम, अशी त्याची योजना असते. गळती सुरू झाली की तो रोज अनेक पटींनी जास्त चालतो, तापतो, तापला की संरक्षणासाठी बंद होतो आणि अशाने हळूहळू रिंग झिजते. जुन्या गळतीवर नवा कंप्रेसर बसवला तर गाडी काही महिने छान उभी राहते आणि मग तोही त्याच वाटेने जातो. माझ्याकडे दोन वर्षांत दोन कंप्रेसर खाल्लेली गाडी आली होती, आणि सगळ्या उपद्व्यापाच्या मुळाशी एका जोडाची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी होती.

आता तपासाकडे येतो. यासाठी एक पोलादी पट्टी किंवा टेप, वही आणि दोन रात्री लागतील. गाडी खरोखर सपाट जागी, एकही चाक फुटपाथावर किंवा उतारावर नसेल अशी उभी करावी. मोजमाप जमिनीपासून घेऊ नये, कारण टायरमधील हवेचा फरक त्यात मिसळतो. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्यावे. चारही कोपऱ्यांची मापे रात्री लिहावीत आणि गाडीचे दार न उघडता सकाळी पुन्हा घ्यावीत. दार न उघडता असे मुद्दाम लिहितो, कारण बऱ्याच गाड्यांत दार उघडताच कंट्रोल युनिट जागे होते आणि उंची सावरायला लागते.

दुसरी रात्र अधिक महत्त्वाची आहे. अनेक गाड्यांचे कंट्रोल युनिट गाडी बंद असतानाही काही तासांनी जागे होते, उंची पाहते आणि एक कोपरा बसलेला आढळला तर गाडी तिरकी दिसू नये म्हणून त्याच्या जोडीच्या कोपऱ्यातलीही हवा सोडून देते. त्यामुळे गळती एका कोपऱ्यात असते, पण सकाळी पूर्ण मागची बाजू किंवा सगळी गाडीच बसलेली दिसते आणि तपास करणारा चकतो. हे टाळण्यासाठी दुसऱ्या रात्री सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढून ठेवावा. फक्त कंप्रेसरचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून उपयोग होत नाही, कारण वर उचलणे थांबले तरी व्हॉल्व्ह उघडून हवा सोडणे चालूच राहते. फ्यूज काढल्यावर सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात आणि प्रत्येक कोपरा आपापल्या जबाबदारीवर उभा असतो. त्या रात्री जो खाली बसेल, तोच गळणारा.

गॅरेजमध्ये बुडबुडे का दिसले नाहीत, याचाही अंदाज बांधता येतो. लिफ्टवर गाडी उचलली की चाके लोंबतात, हवेचा स्प्रिंग पूर्ण लांब होतो आणि त्याच्या रबराची खालची घडी उलगडते. रबर वर्षानुवर्षे वळत-उलगडत असते ते याच घडीत, भेगाही तिथेच पडतात, आणि त्या भेगा स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत, म्हणजे गाडी चाकांवर उभी असतानाच उघडतात. तेव्हा साबणाची तपासणी गाडी नेहमीच्या उंचीवर, स्वतःच्या चाकांवर उभी ठेवून, गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यात उतरून करायला सांगा. भांडी घासण्याचा द्रवसाबण पाण्यात कालवून स्प्रेच्या बाटलीतून मारावा आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन-तीन मिनिटे टक लावून पाहावे, कारण रात्रभरात पाच सेंटिमीटर बसवणारी गळती फसफसत नाही, ती हळूहळू फेस धरते. डिझेल, रॉकेल किंवा ग्रीस रबराला कदापि लावू नये.

व्हॉल्व्ह ब्लॉकविषयी एक मुद्दा. एका कोपऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नसला तरी तेवढ्याने गाडी खाली येत नाही, कारण तिथून सुटलेली हवा ब्लॉकच्या सामाईक मार्गात येऊन अडकते; तिला बाहेर पडायला दुसरी वाट लागते. ती वाट म्हणजे हवा सोडण्याचा व्हॉल्व्ह असेल, तर बाहेर जाणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या पेल्यात बुडवले की गाडी बंद असताना बुडबुडे येतील. ती वाट दुसरा कोपरा असेल, तर एक बाजू बसताना दुसरी किंचित उचलली जाईल. यांपैकी काही दिसत नसेल, तर ब्लॉक बदलायला सांगणाऱ्याला कारण विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दोन्ही रात्रींची मापे इथे लिहा, मग पुढे बोलू.

लाल डबा, सातारा

वर्कशॉपवाल्यांनी बरोबर दिशा दिली आहे. मी एसटीच्या कार्यशाळेतून फिटर म्हणून निवृत्त झालो. आमच्या हाताखालून व्होल्वो बसचे बलून पुष्कळ गेले, म्हणून थोडी भर घालतो.

बसमध्ये कंप्रेसर इंजिनावर चालतो. ब्रेकलाही तीच हवा लागते, त्यामुळे तो भक्कम असतो आणि लहानसहान गळती तो पचवून टाकतो. उंची राखायलाही दांडीवर चालणारा साधा लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. मोटारीत तसे नाही. बसवर काम केलेले कारागीर मोटारीकडे त्याच नजरेने पाहतात आणि ‘थोडी हवा जाणारच’ म्हणून सोडून देतात. ते मोटारीच्या बाबतीत चालत नाही.

मला जे सांगायचे आहे ते ड्रायरविषयी. कंप्रेसरच्या पुढे एका डब्यात पाणी शोषणारे दाणे भरलेले असतात. हवा दहापट दाबून पुन्हा थंड झाली की तिच्यातले बाष्प पाणी होऊन सुटते. पावसाळ्यातली आपली हवा असेल तर विचारूच नका. ते पाणी हे दाणे धरून ठेवतात. गाडी खाली होताना सस्पेन्शनमधली कोरडी हवा त्याच दाण्यांमधून उलटी बाहेर जाते आणि जाताना ते पाणी घेऊन जाते, म्हणजे दाणे आपोआप सुकतात. आता गळती असली म्हणजे काय होते? दमट हवा ड्रायरमधून सारखी आत येत राहते, पण बाहेर जाते ती बलूनच्या भेगेतून. दाण्यांना सुकायची संधीच मिळत नाही. ते भिजतात, फुटतात, त्यांची भुकटी होते आणि ती भुकटी पुढे व्हॉल्व्हच्या बैठकीवर जाऊन बसते. ब्लॉकची नळी सोडली आणि तोंडाशी चुन्यासारखी पांढरी पूड दिसली, तर ड्रायर संपला म्हणून समजावे. ही पूड बोटावर घेऊन पाहावी. कोरडी असेल तर नुकती सुरुवात आहे, ओली चिकट असेल तर ब्लॉकच्या आतही पाणी पोचले आहे.

दुसरी गोष्ट जोडांची. नळी प्लॅस्टिकची, चार किंवा सहा मिलिमीटरची असते. ती पक्कडीने तोडली तर टोक चपटे होते आणि ओ-रिंगवर नीट बसत नाही. धारदार पात्याने काटकोनात कापावी आणि आतला टप्पा लागेपर्यंत सरळ दाबून बसवावी. गळतो म्हणून जोड आवळत सुटू नये, पितळी आटे लगेच जातात.

आणि कळकळीने सांगतो, एअर सस्पेन्शनच्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही जाऊ नये. हवा सुटली की बॉडी क्षणात खाली येते, आवाज देऊन येत नाही. मजबूत स्टँड लावल्याशिवाय मी माझ्या हाताखालच्या पोरांना डोके आत घालू दिले नाही. नळी सोडण्याआधी दाब काढून घ्यावा. काही स्प्रिंगच्या तोंडाशी थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे नळी सोडल्यावरही आत हवा असू शकते.

मिसिसागाकर, कॅनडा

मी इथे माझ्या जुन्या गाडीचे मागचे एअर स्प्रिंग काढून साधे पोलादी कॉइल स्प्रिंग बसवले होते. कोणीतरी तुम्हाला हा सल्ला देईलच, म्हणून स्वतःचा अनुभव लिहितो.

खर्च खरोखर कमी झाला आणि उणे वीस अंशांच्या सकाळी गाडी बसलेली असेल का, ही धास्ती गेली, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. पण पाच माणसे आणि सामान घेतले की मागची बाजू झुकू लागली, हेडलाइटचा झोत वर जाऊ लागला आणि रिकाम्या गाडीला लहान खड्डेही जाणवू लागले. कंट्रोल युनिटला फसवण्यासाठी जोडलेली वायरिंग थंडीत अधूनमधून सुटे आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागे. ही वाट काही नवी नाही; १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रुहॅममध्ये एअर सस्पेन्शन होते आणि गळतीला कंटाळून तिच्या अनेक मालकांनी कॉइल स्प्रिंग बसवून घेतले होते. तुमच्या आईंना चढ-उतार करता यावी म्हणून तुम्ही ही गाडी घेतली असेल, तर कॉइल बसवल्यावर नेमका तोच उपयोग जाईल, हे लक्षात घ्यावे.

वर्कशॉपवाला, पुणे

मिसिसागाकरांशी सहमत आहे. भारतात आणखी एक बाजू आहे. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करण्यावर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. सस्पेन्शनचा प्रकारच बदलायचा असेल, तर आरटीओकडे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा केल्याशिवाय हात घालू नये.

गोदाकाठ, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही रात्रींची मापे घेतली. चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये देतो.

पहिल्या रात्री नऊ वाजता मागे डावीकडे ४४८ आणि उजवीकडे ४५०, पुढे डावीकडे ४६२ आणि उजवीकडे ४६१ होते. सकाळी सात वाजता मागे डावीकडे ३९१ आणि उजवीकडे ३९६ भरले. पुढे दोन्ही बाजूंना ४५५. म्हणजे मागची बाजू जवळजवळ सारखीच बसली होती आणि मला वाटले, दोन्ही स्प्रिंग गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी फिरवून पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर लावली, पंधरा मिनिटे थांबून फ्यूज काढला आणि सकाळी मोजले. मागे डावीकडे ३७२. मागे उजवीकडे मात्र ४४४. पुढे दोन्हीकडे ४५६. पट्टी हातात धरून मी ते उजवीकडचे माप तीनदा घेतले, कारण आदल्या सकाळी बसलेला कोपरा आज जागेवर होता.

एक शंका राहिली. बाकीचे तीन कोपरेही पाच-सहा मिलिमीटरने उतरले आहेत. तिथेही बारीक गळती सुरू झाली आहे का? निफाडकडची थंडी सध्या आमच्यापर्यंत पोचली आहे. रात्री नऊला २४ अंश होते, सकाळी ११.

वर्कशॉपवाला, पुणे

तुमच्या शंकेचे उत्तर तुमच्याच शेवटच्या वाक्यात आहे. स्प्रिंगवरचे वजन तेच राहते, म्हणून आतला दाब जवळपास तोच राहतो आणि तापमान घटले की हवेचे आकारमान घटते. २४ अंश म्हणजे केल्विनमध्ये २९७ आणि ११ अंश म्हणजे २८४; घट साधारण साडेचार टक्के होते. हवेच्या स्तंभाची उंची ढोबळमानाने दीडशे मिलिमीटर धरली, तर सहा-साडेसहा मिलिमीटरचा फरक निव्वळ थंडीचा आहे. तीनही कोपरे सारखेच उतरले आहेत, ही गोष्टही तेच सांगते. ते तीनही निर्दोष आहेत.

मागचा डावा मात्र ७६ मिलिमीटर बसला आहे. उजवा अजिबात न उचलता तो बसला आहे, म्हणजे हवा दुसऱ्या कोपऱ्यात गेलेली नाही. राहिल्या चार जागा: स्प्रिंगचे रबर, स्प्रिंगच्या तोंडाचा जोड, तिथून ब्लॉकपर्यंतची नळी आणि ब्लॉकवरचा जोड. ब्लॉकमार्गे बाहेर जाण्याची पाचवी शक्यता पेल्याच्या चाचणीने निकाली काढता येईल. गाडी चाकांवर उभी ठेवून, तपासणीच्या खड्ड्यातून, याच क्रमाने साबण लावून पाहा, आणि स्प्रिंगची आतल्या बाजूला, म्हणजे गाडीच्या मध्याकडे असलेली घडी आरशाने बघायला विसरू नका. चिखल आणि खडी तिथेच साचते आणि तिथे कोणाची नजर जात नाही.

गोदाकाठ, नाशिक

सापडले. एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्राच्या गॅरेजमध्ये खड्डा आहे, तिथे गाडी नेली. आधी पेल्याची चाचणी केली. दहा मिनिटांत एकही बुडबुडा आला नाही. ब्लॉकवरचा जोड आणि पूर्ण नळी कोरडी निघाली. मग स्प्रिंगच्या खालच्या घडीतला वाळलेला चिखल मऊ ब्रशने काढला, साबणाचे पाणी मारले आणि दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा धरून टॉर्च लावला. सुरुवातीला काही नव्हते. दीडेक मिनिटाने घडीच्या आतल्या कडेला, साधारण चार बोटे लांबीच्या एका रेषेवर, उतू येण्याआधी दुधावर दिसतो तसा बारीक पांढरा फेस धरू लागला. पुसला, पुन्हा आला. त्याच रेषेवर रबराच्या आतले धागे उघडे पडलेले दिसत होते. मित्राने जॅकने ती बाजू थोडी उचलताच घडी उलगडली आणि फेस थांबला. लिफ्टवर तो का दिसला नाही, हे त्या क्षणी डोळ्यांनी पाहिले.

आता विचारतो: फक्त डावा स्प्रिंग बदलावा की दोन्ही? आणि कंप्रेसरचे काय करावे?

वर्कशॉपवाला, पुणे

दोन्ही स्प्रिंग बदलावेत, असे माझे मत आहे. ते एकाच दिवशी बसवलेले आहेत आणि तितकेच वळले आहेत. उजवा आज हवा धरून आहे, पण त्याच्या घडीतही केसासारख्या भेगा दिसत असतील तर त्याला वर्षभर थांबवण्यात अर्थ नाही. पैशांची अडचण असेल, तर मात्र डावा बदलून उजव्याचे माप दर महिन्याला घेत राहणे चुकीचे नाही.

कंप्रेसर आत्ताच बदलू नका. गळती बंद झाल्यावर त्याची परीक्षा घ्या. सर्वांत खालच्या पातळीपासून नेहमीच्या उंचीला यायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा, आणि शक्य असेल तर त्याच्या नळीवर गेज लावून बंद मार्गात तो किती दाब उभा करतो ते जाणकाराकडून पाहून घ्या. दाब कमी भरला, तर अनेक कंप्रेसरसाठी पिस्टन रिंगचा संच स्वतंत्र मिळतो. पूर्ण कंप्रेसरच्या मानाने तो फार स्वस्त पडतो. रिले मात्र न विचारता नवा घाला. सतत चालू-बंद होऊन त्याचे संपर्क चिकटतात आणि मग गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालत राहून जळतो.

बसवताना एक काळजी घ्या आणि कारागिराकडूनही घ्यायला लावा. नवा स्प्रिंग रिकामा असताना गाडीचे वजन त्याच्यावर कधीही येऊ देऊ नये. रबर वेडेवाकडे दुमडते आणि नवा पार्ट पहिल्याच दिवशी जखमी होतो. गाडी स्टँडवर असतानाच त्यात हवा भरून घडी सर्व बाजूंनी सारखी बसली आहे का ते पाहावे, मगच जॅक उतरवावा. काम चालू असताना गाडीतील जॅक मोड (उंची आपोआप सावरणे थांबवणारी सोय) चालू ठेवावा, आणि शेवटी स्कॅनरने उंचीचे कॅलिब्रेशन करून घ्यावे.

लाल डबा, सातारा

ड्रायर उघडून पाहिल्याशिवाय कंप्रेसर परत बसवू नका, एवढेच पुन्हा सांगतो. गणपतीपासून डिसेंबरपर्यंत त्याने दमट हवा ओढली आहे.

गोदाकाठ, नाशिक

काम होऊन आज तीन आठवडे झाले, म्हणून शेवटचा वृत्तान्त लिहितो.

मागचे दोन्ही स्प्रिंग बदलले. उजवा बाहेर काढल्यावर त्याच्याही घडीत तशाच भेगा होत्या, फक्त धाग्यांपर्यंत पोचलेल्या नव्हत्या. लाल डबा काकांचे म्हणणे शब्दशः खरे ठरले. ड्रायरचा डबा उघडला तेव्हा खालचे दाणे भिजून एकमेकांना चिकटले होते आणि तोंडाशी पांढरी पूड होती. बोटावर घेतली तर कोरडी लागली. दाणे बदलले, नळ्या व ब्लॉकची तोंडे कोरड्या हवेने साफ केली, हवा घेणारा छोटा फिल्टर बदलला आणि नवा रिले घातला. जॅक उतरवण्याआधी दोन्ही स्प्रिंगच्या घड्या मी स्वतः टॉर्चने पाहिल्या.

कंप्रेसर जुनाच आहे. आधी सर्वांत खालच्या पातळीवरून नेहमीच्या उंचीला यायला त्याला ९५ सेकंद लागत होते, आता ४० लागतात. गेजवर दाबही ठीक भरला, म्हणून रिंग बदलली नाही. एकूण खर्च कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी झाला.

काल रात्री मागे डावीकडे ४४९ आणि उजवीकडे ४४९ होते, आज पहाटे दोन्हीकडे ४४४. पुढचे स्ट्रट मूळचेच आहेत, तेव्हा त्यांची मापे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वहीत लिहायची ठरवले आहे. सकाळी आईला घेऊन त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. मंदिराजवळ गाडी खाली केली आणि ती हाताचा आधार न घेता उतरली.